कॅलेंडरमागचा काळा डाग

काका, माझी आई ७६ वर्षांची. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. मागच्या आठवड्यात तिच्याकडे गेले तर स्वयंपाकघरात शेगडीच्या वर, नको त्या जागी कॅलेंडर लटकवलेलं. उचलून पाहिलं तर मागची भिंत काळीठिक्कर. खूप खोदून विचारल्यावर कळलं, की तेल तापत ठेवून ती फोन घ्यायला गेली आणि परत आली तर कढई पेटलेली. तिनं कढई उचलली आणि बेसिनकडे निघाली. मनगट भाजलं, तेही तिनं लांब बाह्यांखाली लपवलं. आता अग्निशमन दलाचं पत्रक आलंय. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या घरी आमची माणसं येतील, घर बघून सल्ला देतील, पैसे लागणार नाहीत, असं त्यात लिहिलंय. आई म्हणते, "माझं घर म्हणजे काय प्रदर्शन आहे? परकी माणसं येऊन पसारा बघणार आणि मला शहाणपण शिकवणार. नकोच." मी तिच्यावर जबरदस्ती करू का? ही माणसं नेमकं काय बघतात? दंडबिंड होतो का? आणि ती येतील तेव्हा मी तिथे असावं का?
– काळजीत पडलेली लेक

तुमच्या पत्रातल्या त्या कॅलेंडरपाशीच मी अडकलो. ३१ वर्षं अग्निशमन दलात काढली, त्यातली शेवटची काही वर्षं घरोघरी भेटी देण्यात गेली, आणि असे झाकलेले डाग मी पुष्कळ पाहिले. कुठे जळक्या प्लगपुढे कपाट सरकवलेलं, कुठे गादीला पडलेल्या भोकावर नवीकोरी चादर. झाकणारी माणसं निष्काळजी होती असं मला कधी दिसलं नाही. बहुतेक जण फार टापटिपीचे होते. त्यांच्या मनात एकच धास्ती असायची, की हे मुलांना कळलं तर "आता तुला एकटीला ठेवता येणार नाही" असं ऐकावं लागेल. तुमच्या आईंना पसाऱ्याची लाज वाटते असं तुम्ही लिहिता. मला वाटतं, त्यांना हे घर हातचं जाण्याची भीती वाटते आहे.

म्हणून जबरदस्ती अजिबात नको. आधी त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा, की तू इथेच राहायचंस आणि तुला इथे निर्धास्त राहता यावं म्हणूनच ही माणसं येणार आहेत. हे मनापासून म्हणता येत नसेल, त्यांना आपल्याकडे न्यायचा बेत मनात शिजत असेल, तर तो विषय वेगळा ठेवा. भेटीचं निमित्त करून तो पुढे रेटू नका. माणूस मनाविरुद्ध हो म्हणाला की पाठ फिरताच सगळं पुन्हा जागच्या जागी जातं. आज लावलेल्या, धूर झाला की वाजणाऱ्या अलार्मची बॅटरी आठवड्याभरात घड्याळात गेलेली मी स्वतः पाहिली आहे.

भेटीचं पुढे बोलू. त्याआधी ती कढई, कारण आईंनी जे केलं ते जवळजवळ सगळेच करतात आणि त्यातच भाजतात. पेटलेली वस्तू उचलून घराबाहेर किंवा पाण्याखाली न्यावी असं हाताला आपोआप वाटतं. पण कढई हलली की तेल हिंदकळतं, ज्वाळा अंगाकडे झुकते, हाताला चटका बसतो आणि कढई सुटते. मग जी आग एका भांड्यात होती ती जमिनीवर पसरते. आईंच्या हातून कढई पडली नाही, हे नशीब. त्या बेसिनपर्यंत पोचून नळ सोडून बसल्या असत्या तर आणखी वाईट झालं असतं. पेटलेलं तेल ३०० अंशांच्या वर तापलेलं असतं. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं आणि क्षणात वाफ होतं. वाफ होताना त्याचं आकारमान सुमारे १,७०० पट होतं. ती वाफ तेलाला थेंबाथेंबानं हवेत उडवते, प्रत्येक थेंब पेट घेतो आणि छतापर्यंत आगीचा लोळ उठतो. वाटीभर पाण्यानं हे घडतं.

करायचं ते फार थोडं आहे. हात पोचत असेल तर बटण फिरवून शेगडी बंद करायची, घट्ट बसेल असं झाकण किंवा मोठं ताट कडेनं सरकवत कढईवर टेकवायचं आणि मग तिला हात लावायचा नाही. निदान अर्धा तास तरी नाही. विझली असेल म्हणून दोन मिनिटांत झाकण उचलून बघण्याचा मोह होतो, पण तेल अजून तितकंच तापलेलं असतं. हवा मिळाली की ते काडीशिवाय पुन्हा पेटतं. शेगडीपर्यंत जाता येत नसेल किंवा ज्वाळा कढईच्या बाहेर गेल्या असतील, तर स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायचं, घराबाहेर पडायचं आणि बाहेरून फोन करायचा. हे आईंना तोंडी सांगून सोडू नका. शेगडी बंद असताना रिकामी कढई ठेवून चार वेळा झाकण सरकवून बघायला लावा. हाताला सवय लागली तर घाबरलेल्या क्षणी तो बरोबर चालतो. आणि ते झाकण शेगडीच्या शेजारी, ओट्यावरच राहू द्या. खालच्या फडताळात ठेवलेलं झाकण त्या वेळी कुणाला आठवत नाही.

मनगटाचंही बघा. भाजल्यावर वाहत्या गार पाण्याखाली पूर्ण २० मिनिटं धरायचं, सूज येण्याआधी अंगठी-घड्याळ काढायचं, आणि बर्फ, टूथपेस्ट, तूप यांतलं काहीही लावायचं नाही. ती वेळ तर गेली. पण जखम ओली असेल, फोड आले असतील, तर आज डॉक्टरांना दाखवा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ही माणसं काय बघतात. लोकांना वाटतं, ते तारा आणि प्लग बघतात. तेही बघतात, पण शहाणा अधिकारी आधी माणूस बघतो. एका भेटीत एक आजी खुर्चीत बसून टॉवेलांच्या घड्या घालत होत्या. गप्पा छान रंगल्या होत्या. मी स्टुलावर चढून छताला लावलेल्या स्मोक अलार्मचं टेस्ट बटण दाबलं. आवाज इतका कर्कश, की माझ्या सोबतच्या जवानानं कान झाकले. आजींनी तो टॉवेल चौघडी केला, कडा जुळवल्या, गठ्ठ्यावर ठेवला आणि दुसरा उचलला. त्यांना काही ऐकूच आलं नव्हतं. मुलानं चांगला महागाचा अलार्म आणून लावला होता, दर महिन्याला येऊन तो तपासतही होता. फक्त तपासताना त्याचं लक्ष अलार्मकडे असायचं, आईकडे नाही.

वय झालं की कानाला आधी वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात आणि बहुतेक घरगुती अलार्म नेमके तिथेच, ३,००० हर्ट्झच्या आसपास वाजतात. म्हणून ५२० हर्ट्झच्या खालच्या पट्टीत वाजणारे अलार्म मिळतात, झोपलेल्या माणसाला ते जास्त खात्रीनं जागं करतात. अगदीच कमी ऐकू येत असेल तर उशीखाली ठेवायची थरथरणारी चकती आणि लखलखणारा दिवा अलार्मला जोडता येतो. हे बोलण्या-चालण्यातून हेरणारा माणूस घरात यावा लागतो, भेटीचं मोल त्यात आहे. कानाला लावायचं यंत्र रात्री काढून ठेवता का, झोपेची गोळी घेता का, रात्री उठून चालताना काठी लागते का, बिछान्यात सिगारेट ओढता का, घरी प्राणवायूचं यंत्र आहे का, हे प्रश्न ते विचारतील. चौकशा कसल्या करतात, असं आईंना वाटू नये म्हणून आधीच सांगून ठेवा. एक प्रश्न तर फारच विचित्र वाटेल: अंगाला कुठलं मलम लावता? कोरड्या त्वचेची मलमं दिवसेंदिवस कपड्यांत आणि चादरीत मुरतात. तसं कापड ठिणगी पडली की भराभर पेटतं आणि धुतल्यानंही मलम पूर्ण जाईल याचा भरवसा नसतो.

अलार्म आहे का, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. असेल आणि बॅटरी काढलेली असेल तर रागावू नका. स्वयंपाक करताना रोज बोंबलणारा अलार्म कुणीही बंद करेल. दोष जागेचा असतो. स्वयंपाकघरापासून तीनेक मीटर दूर, झोपायच्या खोलीबाहेरच्या बोळात छताला तो असायला हवा, आणि स्वयंपाकघरात हवाच असेल तर धुरावर नाही, उष्णतेवर वाजणारा अलार्म लावतात. महिन्यातून एकदा बटण दाबायचं. दहा वर्षं झाली की अख्खा अलार्मच बदलायचा, कारण आतला संवेदक म्हातारा होतो. तयार झाल्याची तारीख मागच्या बाजूला छापलेली असते. "काही झालं तर वासानं जाग येईल की" असं आई म्हणतील. नाही येत. झोपेत नाक काम करत नाही म्हटलं तरी चालेल. उलट धुरातला कार्बन मोनॉक्साइड झोप आणखी गाढ करतो. आगीत माणसं मरतात ती बहुतेक धुरानं, आग त्यांच्यापर्यंत पोचण्याच्या कितीतरी आधी.

इथे वेळेचं गणित समजून घ्या, म्हणजे मी इतकं का सांगतोय ते कळेल. अमेरिकेतल्या यूएल या सुरक्षा-चाचण्या करणाऱ्या संस्थेनं दोन खोल्या शेजारी शेजारी पेटवून पाहिल्या. एकीत जुन्या पद्धतीचं लाकडी-सुती सामान होतं, दुसरीत आजकालचं फोम आणि सिंथेटिक कापडाचं. जुनी खोली पूर्ण पेटायला जवळपास अर्धा तास लागला, नवी पाच मिनिटांच्या आत गेली. आमचा बंब कितीही धावला तरी फोन, रस्ता आणि जिना मिळून पाच मिनिटं सहज होतात. म्हणजे पहिल्या काही मिनिटांत घरात जो असेल त्यानंच काय ते करायचं. आम्ही ती मिनिटं सुरू व्हायच्या आधीच घरी येऊन जातो, इतकाच या भेटीचा अर्थ.

आणि त्या मिनिटांत सगळ्यात जास्त कामाला येतं ते बंद दार. याच संस्थेच्या चाचण्यांत, घर पेटलेलं असताना उघड्या दाराची खोली ५०० अंश सेल्सिअसच्या वर गेली आणि बंद दाराची ४० अंशांच्या आत राहिली. साधं लाकडी दार, खास काही नाही. रात्री झोपताना स्वयंपाकघराचं आणि आपल्या खोलीचं दार लोटून घ्यायचं, एवढी सवय आईंनी लावून घेतली तरी अर्धी भेट सत्कारणी लागली म्हणेन. "दार लावलं तर मला कोंडल्यासारखं होतं" हे उत्तर मला हमखास मिळायचं. तसं असेल तर निदान स्वयंपाकघराचं तरी लावा.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, म्हणून घराच्या मुख्य दाराचाही विचार हवा. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ च्या रात्री चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात, फ्रीजपाशी आग लागली आणि ७२ माणसं गेली. आग वर चढली ती मुख्यतः इमारतीला बाहेरून लावलेल्या ज्वलनशील आवरणामुळे. पण चौकशीत हेही पुढे आलं, की पळताना फ्लॅटची दारं उघडी राहिली, काहींची आपोआप बंद होण्याची सोय निकामी होती, आणि धूर बोळात आणि जिन्यात शिरला. बाहेर पडताना दार मागे ओढून घेणं हे शेजाऱ्यांसाठी करायचं काम आहे. आग दुसऱ्याच्या घरात असेल तर लगेच खाली उतरायचं की आपल्या घरात दार बंद करून थांबायचं, याचं उत्तर इमारतीच्या बांधणीवर ठरतं. आलेल्या अधिकाऱ्याला हा प्रश्न विचाराच, आणि उत्तर मोठ्या अक्षरात लिहून दारामागे चिकटवा. लिफ्ट कुठल्याही परिस्थितीत नाही.

किल्ली हा माझा दुखरा विषय. चोरांच्या भीतीनं दाराला आतून कुलूप, खिडक्यांना जाळ्या, आणि किल्ली पर्समध्ये, पर्स कपाटात, कपाट खोलीत. धूर भरला की आपलाच हात आपल्याला दिसत नाही. दोनदा असं झालं, की आम्ही दार फोडून आत गेलो तेव्हा माणूस कपाटापाशी सापडला, दारापाशी नाही. त्यातली एक बाई वाचली. किल्ली दाराजवळच्या एकाच खिळ्यावर, बाहेरून हात पोचणार नाही पण आईंना अंधारात चाचपून सापडेल अशी, आणि कायम तिथेच. आईंना एकदा डोळे मिटून बिछान्यापासून दारापर्यंत जायला सांगा. भिंतीला हात लावत, वाकून, कारण धुरात श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत असते. वाटेत पाय कशाला अडखळतो ते तुम्हाला तेव्हाच दिसेल. पसारा आम्हाला खुपतो तो एवढ्यापुरताच. कपाटावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे असले तर असोत. बिछाना ते दार ही वाट मोकळी हवी.

विजेचं थोडक्यात. हीटर, इस्त्री अशी तापणारी यंत्रं थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये. एका एक्स्टेन्शन बोर्डाला दुसरा बोर्ड जोडायचा नाही. तपकिरी पडलेलं सॉकेट, कोमट लागणारा प्लग, जळकट वास यांपैकी काहीही असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवायचं, उद्यावर टाकायचं नाही. हीटरपासून पडदे, पांघरुणं एक मीटर लांब. फोन उशीखाली ठेवून चार्ज करायचा नाही, फुगलेली बॅटरी वापरायची नाही. बॅटरीवर चालणारी सायकल किंवा व्हीलचेअर घरात असेल तर ती बाहेर पडायच्या वाटेवर चार्जिंगला लावायची नाही, कारण लिथियमची बॅटरी पेटली की ती वाट काही सेकंदांत बंद होते. गॅसचा वास आला तर दिवा-पंख्याचं कुठलंच बटण दाबायचं नाही, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. गॅस बंद करायचा, खिडक्या उघडायच्या, बाहेर जाऊन फोन करायचा.

आईंसाठी आग विझवायचं लाल नळकांडं घ्यावं का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण भेटीनंतर विचाराल. माझं मत, ७६ वर्षांच्या एकट्या बाईंच्या भरवशावर नको. छोटं नळकांडं दहाएक सेकंदांत रिकामं होतं. पिन ओढून ज्वाळेच्या बुडाशी नेम धरायला सराव लागतो. आणि ते हातात असलं की माणूस बाहेर पडायच्या ऐवजी आगीशी झुंजत थांबतो. तेच पैसे चांगल्या अलार्मवर घाला. अंगावरच्या कपड्याला आग लागली तर मात्र पळायचं नाही, जागच्या जागी जमिनीवर आडवं होऊन लोळायचं, हे त्यांना सांगून ठेवा. गुडघ्यांमुळे खाली बसणं जमत नसेल तर हाताशी जाड पांघरूण असू द्या, ते घट्ट लपेटून घेता येईल असं.

दंडाचं म्हणाल तर, पत्रकात सल्ल्यासाठी भेट असं लिहिलं असेल तर ती सल्ल्यासाठीच असते. तरी मनात किंतू नको म्हणून दलाच्या कार्यालयात आधी फोन करून विचारा. फोन तसाही करायचाच आहे, कारण परक्या माणसांबद्दल आईंची शंका मी मुळीच उडवून लावणार नाही. गणवेश भाड्यानंही मिळतो. पत्रकावरच्या नंबरवर विसंबू नका, दलाचा नंबर स्वतः शोधून त्यावर विचारा, की आमच्याकडे कोण, कधी येणार आहे. दार उघडण्याआधी ओळखपत्र बघा. आणि आलेला माणूस तिथेच काही विकायला लागला, पैसे मागायला लागला किंवा घाई करायला लागला, तर त्याला सरळ बाहेरची वाट दाखवा. हे सगळं आईंच्याच हातून होऊ द्या. फोन त्यांनी करायचा, दिवस आणि वेळ त्यांनी ठरवायची. नको म्हणणारी माणसं स्वतः वेळ ठरवली की पुष्कळदा तयार होतात.

तुम्ही तिथे असा, जरूर असा. पण गप्प बसा. हे कठीण जाईल. अधिकारी विचारेल, "रात्री किती वेळा उठता?" आणि तुमच्या तोंडी उत्तर तयार असेल. ते गिळा. लेक बोलायला लागली की आई खुर्चीत मागे सरकतात आणि मग खरं काही बाहेर येत नाही, हे मी शेकड्यांनी पाहिलंय. तुमचं काम वही घेऊन लिहून ठेवायचं, आणि अलार्मचं बटण दाबलं जाईल तेव्हा आईंच्या चेहऱ्याकडे बघायचं.

भेटीआधी घर आवरू नका. रोज जसं असतं तसंच दिसू दे. चार्जर जिथे असतो तिथेच, हीटर जिथे असतो तिथेच. भिंतीला नवा रंग तर मुळीच देऊ नका. तो काळा डाग किती उंचीपर्यंत गेलाय, वरच्या कपाटाला झळ लागली आहे का, शेगडीजवळ आणखी काय टांगलेलं आहे, हे त्या डागावरूनच कळतं. कॅलेंडर कागदाचं आहे आणि शेगडीच्या वर आहे, त्यामुळे ते तिथून हलायला हवंच. पण ते तुम्ही काढू नका. तो अधिकारी स्वयंपाकघरात येऊन उभा राहील तेव्हा आईंना स्वतःच्या हातानं काढू द्या.